गणपतीच्या आत जुनं सागवानी कपाट आणि शिसवी टेबल नीट करता येईल का?

खानापूरकरीण

नमस्कार मंडळी. आमचं सासरचं घर जांबोटीकडच्या खेड्यात. मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, आणि पावसाळ्यात वळचणीखाली टाकलेली चादरसुद्धा वाळत नाही असा भाग. यंदा गौरी-गणपतीला पुण्याहून आणि गोव्याहून सगळे यायचे आहेत, म्हणून माडीवरचं सामान खाली काढलं, तर दोन जुन्या वस्तूंची अवस्था बघून जीव हळहळला.

एक म्हणजे आजेसासऱ्यांनी करून घेतलेलं सागवानी कपाट. वर काचेची दारं, खाली दोन खण. भिंतीकडचा मागचा डावा पाय वाळवीनं खाल्लाय, स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर सरळ आत जातो. खण मिरगापासून उघडत नाहीत, नवरा ओढून ओढून थकला, शेवटी एकाची मूठच हातात आली. कपाटाच्या आत कधीतरी कुणीतरी हिरवा ऑइलपेंट फासलाय, त्याचे पोपडे निघतात.

दुसरं गोल शिसवी टेबल. आमचा गणपती दरवर्षी ह्याच्यावरच बसतो. एक पाय डुगडुगतो. वर चहाच्या कपांचे पांढरे गोल डाग आणि मधोमध एक काळा डाग, तिथे तांब्याचा कलश ठेवतात, खाली लोखंडी चकती असते.

बेळगावात एका पॉलिशवाल्याला फोटो दाखवले. तो म्हणतो, सगळं मशीननं घासून काढतो, चकचकीत पीयू (पॉलियुरेथेनचं कडक पॉलिश) मारतो, नव्यासारखं करून देतो. घरच्यांना ते पटलंय. मला नव्यासारखं नकोय, जुनंच पण धड हवंय. मी ८० नंबरचा पॉलिश पेपर आणून ठेवलाय, हात लावायचा धीर होत नाही. गणपतीला अजून तीनेक आठवडे आहेत. घरच्या घरी किती जमेल?

टिळकवाडी_बॉय

ताई, खरं सांगू? कपाट भंगारात, टेबल पांढऱ्या चॉक पेंटनं रंगवा. हल्ली तोच ट्रेंड आहे, अर्ध्या दिवसाचं काम. डाग पण झाकतील, सासू पण खूश.

उद्यमबागचे आप्पा

वरच्या पोरानं शिसवीला पांढरा रंग मारायला सांगितलंय. त्याला कुणीतरी एकदा शिसवीचा भाव सांगा बघू, झोप उडंल.

ताई, पहिलं काम म्हणजे तो ८० नंबरचा कागद दुकानात परत देऊन या. परत घेत नसतील तर गंजलेल्या विळीला वापरा. टेबलाला लावलात तर जे ओरखडे पडतील ते काढायला १२०, १८०, २२० असं चढत जावं लागंल आणि तोवर वरचा जुना थर, त्याच्याखालचा पिकलेला रंग, सगळं भुग्यात जाईल. तो रंग यायला साठ-सत्तर वर्षं लागत्यात. बाटलीत मिळत नाही.

मी पॉलिशवाला नव्हे. उद्यमबागेत फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये माझी नोकरी झाली. कुठलाही भाग ओतायचा तर आधी तसाच्या तसा लाकडाचा नमुना लागतोय, तो वाळूत दाबून साचा करायचा. ओतीव लोखंड गार होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतंय, म्हणून आमची मोजपट्टीच तेवढी वाढवून आखलेली. एवढ्या बारीक हिशोबात लाकूड पावसाचं फुगलं तर सगळंच बोंबललं. म्हणून नमुन्यावर लाखेचे हात मारायचे, वाळूतला ओलावा आत शिरू नये म्हणून. सांगायचा मुद्दा काय, लाख आणि बेळगावचा पाऊस ह्या दोघांशी माझी उठबस जुनी आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडं. गणपतीच्या आत दुरुस्ती होईल. पॉलिश होणार नाही. कुणी करून देतो म्हणालं तरी करून घेऊ नका. लाखेचं पॉलिश म्हणजे चपडा, म्हणजे शुद्ध केलेली सुकी लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून मारायचं. स्पिरिट भराभर उडतंय, उडताना लाकडाचा वरचा थर गार करतंय, आणि थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसा हवेतला ओलावा त्या ओल्या थरावर बसतोय. पॉलिश दुधासारखं पांढुरकं होऊन बसतंय. श्रावण-भाद्रपदात खानापूरच्या पश्चिमेला, तेही कौलारू घरात, हे ठरलेलंच. दिवाळी होऊ दे, हवा कोरडी पडू दे, मग बघू. नोव्हेंबरपासून होळीपर्यंतचे दिवस ह्या कामाचे.

तोवर काय करायचं ते सांगतो.

आधी वर कसलं पॉलिश आहे ते बघा. टेबल उलटं करा, खालच्या बाजूला पॉलिशचा ओघळ कुठंतरी असतोयच. कापसाच्या काडीनं त्यावर स्पिरिटचा एक थेंब ठेवा, मिनिटभर थांबा, बोट लावा. चिकट लागलं तर लाख. काहीच झालं नाही तर शेजारी थिनरचा थेंब. त्यानं मऊ पडलं तर लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर कुणीतरी मधे मेलामाईन किंवा पीयू मारून ठेवलंय. तुमचं टेबल जुनं, कपाचे डाग पांढरे पडलेत, त्यावरून लाखच असणार असं मला वाटतंय. आणि हो, शिसवीवर स्पिरिट लागलं की काडी जांभळट-तांबडी होती. घाबरू नका. शिसवीचा स्वतःचा रंग स्पिरिटमध्ये उतरतोय, लाकूड खराब झालेलं नसतंय.

पांढरा डाग लाखेच्या थरात अडकलेल्या ओलाव्याचा. लाकडापर्यंत गेलेलाच नसतो. म्हणून तो घासायचा नाही, ओलाव्याला बाहेर वाट करून द्यायची. ऊन पडलं असंल असा दिवस बघा. मऊ सुती फडकं घट्ट गुंडाळून त्याचा बोळा करा, स्पिरिटमध्ये बुडवून इतका पिळा की गालाला लावला तर नुसता गारवा जाणवावा, ओल लागू नये. मग डागावरून विमान उतरून परत उडावं तसा झरकन एक हात. थांबायचं नाही. बोळा डागावर टेकवून थांबलात तर थर सोलून निघंल. दोन मिनिटं जाऊ द्यात, परत एक हात. डाग हळूहळू फिका पडत जातोय. दोन-तीन हातांत गेला नाही तर सोडा, दिवाळीनंतर पॉलिश करताना जाईल. हट्ट नको.

काळा डाग वेगळा. तिथं पाणी थर भेदून लाकडात गेलंय, आणि तुमच्या त्या लोखंडी चकतीचं लोखंड लाकडातल्या तुरट द्रव्याशी मिळून काळं पडलंय. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतंय, आणि ते उघड्या लाकडावरच लागू पडतंय, म्हणजे तेवढ्या जागेचं पॉलिश उतरवावं लागंल. ते आत्ता करू नका. गणपतीखाली तसंही कापड घालणारच की. पण ती चकती मात्र आजच काढा.

खणांचं सांगतो. रंधा मारायला कुणी सुतार बोलावलात तर त्याला चहा पाजून परत पाठवा. लाकूड आडव्या अंगानं फुगतंय, लांबीत जवळजवळ नाहीच. तुमच्या खणाच्या बाजूच्या फळ्या पावसात उंचीला वाढल्यात, म्हणून अडकल्यात. आत्ता रंधून मोकळ्या केल्या तर मार्चमध्ये खण खडखडा वाजंल, उंदीर आत-बाहेर करतील. मागची फळी दोन खिळ्यांवर असती बहुतेक, ती काढून खण मागून हळू ढकला. बाहेर आला की घरात कोरड्या जागी, चुलीपासून लांब, नुसता उभा करून ठेवा. घासणाऱ्या कडांवर मेणबत्ती फिरवा. एवढंच. साबण नको, ओल धरतोय.

डुगडुगणाऱ्या पायाला बरेच लोक खिळा ठोकतात. खिळा ठोकला की कुसू, म्हणजे सांध्याच्या भोकात बसणारं लाकडाचं टोक, फाटला म्हणून समजा. पाय हलवत हलवत सांधा पूर्ण सोडवा. जुन्या वस्तूत सरस असणार, पिवळा-तपकिरी, काचेसारखा तडकणारा. त्यावर कोमट पाण्यात भिजवलेली चिंधी गुंडाळून ठेवली की मऊ पडतोय. जुना सरस दोन्हीकडनं पूर्ण खरवडून काढायचा, कुसूवरनं आणि भोकातनंही. नवा पांढरा गोंद जुन्या सरसावर चिकटत नाही, लाकडावरच चिकटतोय. ह्याच एका कारणानं निम्म्या दुरुस्त्या वर्षात सुटत्यात. मग सांधा वाळू द्यात, फेव्हिकॉल दोन्ही बाजूंना पातळ लावा, बसवा. शिकंजा (क्लॅम्प) नसंल घरात, असायचं कारण नाही. सुताची जाड दोरी पायांभोवती दोन वेढे घालून बांधा, वेढ्यात लाटणं अडकवा आणि पिळा. सांध्यातून गोंदाचे मणी बाहेर आले की बास. लाटणं दुसऱ्या पायाला बांधून ठेवा, नाहीतर सुटून तोंडावर येईल. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्यानं पुसा, तो वाळला तर त्या जागी पुढं पॉलिश धरत नाही. कोरड्या हवेत रात्रभरात घट्ट होतंय, आत्ता दोन दिवस तरी द्या.

पीयूबद्दल. माल वाईट नाही. पण लाखेवर ओरखडा पडला तर पुढच्या वर्षी वरनं लाखेचा हात मारला की जुना आणि नवा थर एकजीव होतोय. पीयूला ठिगळ लागत नाही, परत सगळं घासून काढायचं. वडिलोपार्जित वस्तू दर वेळी घासत गेलात तर नातवंडांपर्यंत काय उरणार?

कपाटाच्या पायाचं उद्या लिहितो. डोळे दुखायलेत.

निपाणी_रसायन

आप्पांचं वाचून मजा आली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे एका गोष्टीवर बोलल्याशिवाय राहवत नाही. तो हिरवा ऑइलपेंट.

ताई, तो कोरडा घासू नका. कुणालाच घासू देऊ नका, मशीननं तर मुळीच नको. जुन्या ऑइलपेंटमध्ये, त्यातही हिरव्या-पिवळ्या-नारिंगी रंगांत, शिशाची संयुगं भरपूर असायची. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. त्याची धूळ श्वासातून जाते, भांड्यांवर बसते, रांगत्या मुलांच्या हातातून पोटात जाते. आणि गणपतीला तुमच्याकडे लहान मुलं येणारच. पोपडे निघालेत तेवढे पाण्याचा फवारा मारून, ओले असतानाच पत्र्यानं काढा, कागदात गुंडाळून बांधून टाका, चुलीत घालू नका. तोंडाला फडकं नको, चांगला मास्क हवा. बाकी घट्ट आहे तो राहू दे, वरून नवा रंग मारून कोंडला तरी चालतो.

आणि एक विचारायचं होतं. पायाला वाळवीच आहे हे नक्की का? कपाटाखाली पिठासारखी बारीक भुकटी पडते का, की मातीच्या नळ्या दिसतात? भुकटी असेल तर लाकूड पोखरणारा भुंगा, नळ्या असतील तर वाळवी. औषध दोघांचं वेगळं.

खानापूरकरीण

आप्पा, तुम्हाला मनापासून नमस्कार. थेंब टाकून बघितला, चिकट लागलं आणि काडी खरंच जांभळी झाली! सासूबाई म्हणाल्या, "अगं रंग चालला की त्याचा," मी त्यांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. पांढरे डाग दोन गेले, एक अजून आहे, मी हट्ट सोडला. मागची फळी काढून दोन्ही खण बाहेर आले. एकात पत्रिका, एकात जुनी चलनं आणि बिब्ब्यांची डबी!

सर, दोन्ही आहे बहुतेक. भिंतीकडच्या पायाला मातीच्या नळ्या आहेत, भिंतीतूनच आलेल्या. आणि खणाच्या तळफळीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत, झटकलं की पिवळसर पीठ पडतं. सागवानाला किडा लागत नाही असं ऐकलं होतं.

निपाणी_रसायन

सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही. कडेचं पांढरं लाकूड असतं, झाडाच्या सालीलगतचं, त्याला लागतो. पूर्वी दर्शनी फळ्या गाभ्याच्या घ्यायचे आणि खणाचा तळ, मागची फळी वगैरे ठिकाणी पांढरं किंवा कुठलं तरी हलकं लाकूड खपवायचे. तुमची तळफळी बघा, बाजूच्या फळ्यांपेक्षा फिकट असेल.

पीठ पाडणारा भुंगा लाकडातच राहतो, तिथेच मोठा होतो आणि बाहेर पडताना ते भोक पाडतो. म्हणजे भोक दिसतं तेव्हा एक जण निघून गेलेला असतो आणि बाकीचे आत खात असतात. तळफळीला पॉलिश-रंग काही नाही ना? मग सोपं आहे. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड, वजनानं दीडास एक, गरम पाण्यात विरघळवा आणि ब्रशनं दोन्ही बाजूंना भरपूर पाजा. कॅरमला लागते ती पावडर नको, केमिकलच्या दुकानातून शुद्ध घ्या. उघड्या लाकडात हे आत शिरतं, पॉलिशवरून शिरत नाही. पाण्यानं धुतलं जातं, त्यामुळे घरातल्या वस्तूलाच उपयोगी. हातमोजे घाला आणि त्या खणात खाण्याचं काही ठेवू नका. ओली झालेली फळी सपाट जागी, वर वजन ठेवून वाळवा, नाहीतर वाकेल.

वाळवीचं मात्र कपाटाला औषध घालून काही होणार नाही. तिचं घर जमिनीत आहे, भिंत हा रस्ता आणि कपाट हे जेवण. रॉकेल ओतून दोन आठवडे ती वाट बदलते, एवढंच. भिंतीला आणि जोत्याला इमारतीची वाळवी मारणाऱ्या माणसाकडून औषध घालून घ्या. मातीच्या भिंतीला तर हवंच.

उद्यमबागचे आप्पा

सरांनी माझं निम्मं काम केलं. तो तळ बहुतेक पांढऱ्या लाकडाचाच, मीही तेच म्हणणार होतो.

आता पाय. कपाट आधी पूर्ण रिकामं करा. काचेची दारं बिजागरीपासून सोडवून बाजूला ठेवा, कुठल्या दाराचा कुठला स्क्रू ते कागदात बांधून. मग कपाट भिंतीपासून ओढून, खाली ओंडके देऊन उचलून धरा. पाय कुठपर्यंत सडलाय ते टोचून टोचून बघा आणि जिथं टोच आत जात नाही तिथून वर दोन बोटं सोडून कापा. आडवा सरळ काप नको. लांब तिरपा काप घ्या, जाडीच्या सात-आठ पट लांबीचा. सरळ कापात लाकडाची टोकं एकमेकांना चिकटवायला लागत्यात, आणि टोकाला गोंद टिकत नाही. तिरप्या कापात धाग्याशेजारी धागा बसतोय, तो सांधा मूळ लाकडापेक्षा आधी तुटत नाही. नवा तुकडाही सागवानीच हवा. दांडेलीच्या डेपोतलं ताजं लाकूड घेऊ नका, आत ओलं असतंय. पाडलेल्या जुन्या घराची चौकट किंवा वासा विकणारे असतात, त्यांच्याकडनं हातभर तुकडा घ्या. जे आकसायचं ते आकसून झालेलं असतंय.

पायाखाली पितळी किंवा दगडी चकती. आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं. मागनं हवा खेळली पाहिजे, आणि वाळवीला भिंतीतनं थेट पूल मिळता कामा नये.

हुक्केरीचा मंजू

आप्पा, नमस्कार. मी सुतारकाम करतो, माझी मातृभाषा कन्नड आहे, मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचं सगळं बरोबर, पण पायाचा सांधा ह्या हवेत करू नका असं माझं मत. कपाटाचा पाय पावसाळाभर मातीच्या भिंतीला टेकून होता, तो आतून ओला आहे. नवा तुकडा कोरडा. दोन्ही चिकटवले की उन्हाळ्यात जुना आकसणार, नवा नाही, आणि सांध्याची कड वर येणार. मी गिऱ्हाइकाला असं सांगतो: आत्ता सडकं कापून टाका, सरळच कापा, खाली शहाबादी फरशीचे तुकडे एकावर एक ठेवून लेव्हल करा. कपाट तसंच उभं राहतं, वर्षभर राहिलं तरी काही होत नाही. ओल निघून गेली की डिसेंबर-जानेवारीत आप्पा म्हणतात तसा तिरपा काप घ्या. त्यासाठी आत्ता कापताना चांगलं लाकूड थोडंही घालवू नका, सडलंय तेवढंच काढा.

पीयूबद्दल पण थोडं. गणपतीचं टेबल लाखेचंच ठेवा, मी पण तेच करीन. पण जेवायच्या टेबलावर लाख टिकत नाही. गरम पातेलं ठेवलं की डाग, सॅनिटायझर सांडला की डाग, कारण त्यात स्पिरिटच असतं. तिथं पीयू चांगलं. पॉलिशवाले वाईट नाहीत, गिऱ्हाईक चकचकीत मागतंय म्हणून ते चकचकीत करतात.

उद्यमबागचे आप्पा

मंजू, तुमचं मराठी आमच्या निम्म्या बेळगावकरांपेक्षा स्वच्छ आहे. पायाचं तुमचं बरोबर. ताई, मंजू सांगतात तसं करा, आत्ता सरळ कापा आणि फरशी लावा. पॅटर्न शॉपमध्ये आम्हाला लाकूड कोरडं मिळायचं, भिंतीला भिजलेल्या पायाचा विचार मी केला नाही.

सॅनिटायझरचं पण खरं. कोविडच्या काळात किती टेबलं गेली असतील.

टिळकवाडी_बॉय

आप्पा, चॉक पेंटचं मागं घेतो. आमच्या घरी आजोबांची वेताची आरामखुर्ची आहे, बसलं की बूड जमिनीला लागतं. ती टाकायची की वाचवायची?

उद्यमबागचे आप्पा

आता आलास लायनीवर. वेत खरा आहे का नायलॉन ते बघ. खालच्या बाजूनं बघितलं तर खऱ्या वेताच्या पट्टीला एका अंगाला चकाकी आणि दुसऱ्या अंगाला रेषा दिसत्यात. खरा असंल आणि कुठं तुटला नसंल तर खुर्ची उलटी कर, गरम पाण्यात पंचा भिजवून खालच्या अंगाला अर्धा तास ठेव. खालनंच, वरच्या चकाकत्या बाजूनं पाणी शिरत नाही. मग सावलीत वाळव. वाळताना वेत आवळतोय, झोळ बराच कमी होतोय. वाळेपर्यंत कुणी बसायचं नाही, आजोबासुद्धा नाही. तुटला असंल तर परत विणून घ्यायला लागंल, आणि विणणारी माणसं आता कमी राहिल्यात. नायलॉन असंल तर ह्यातलं काही लागू नाही.

खानापूरकरीण

मंजूदादा, आप्पा, सर, तिघांचं ऐकून ठरवलं. घरच्यांनाही पटलं, पॉलिशवाल्याला नाही म्हणून कळवलं. पाय कापून फरशी लावली, कपाट डुलत नाही. भिंतीच्या औषधाला माणूस येऊन बघून गेला. टेबलाचा पाय दोरीत आहे.

शेवटचं विचारते. पाहुणे येणार, कपाट अगदी निस्तेज दिसतंय. पॉलिश नाही म्हणालात, पण वरून काहीतरी लावता येईल का? घरी खोबरेल आहे. जाऊबाई म्हणतात अक्रोड फोडून घासा.

उद्यमबागचे आप्पा

खोबरेल नको. वाळत नाही, धूळ धरतंय, महिन्यानं खवट वास येतोय, आणि पुढं त्यावर लाख धरत नाही. अक्रोडानं बारीक ओरखडा जरा झाकतोय, अख्खं कपाट घासायला पोतंभर लागंल, त्याची चटणी करा.

आधी टर्पेंटाईननं ओलं केलेल्या फडक्यानं पुसून घ्या. वर्षानुवर्षांचं तेल, हाताचा मळ, उदबत्तीचा धूर, सगळं निघंल. टर्पेंटाईननं लाख विरघळत नाही, त्यामुळं भीती नाही. फडकं काळं होईल तसं बदलत जा. एवढ्यानंच निम्मं तेज परत येतंय, लोकांना वाटतं पॉलिश गेलंय आणि खरं तर वर मळ असतोय.

मग मधमाशीचं मेण एक भाग, टर्पेंटाईन अडीच-तीन भाग. तुमच्या भागात खरं मेण मिळंल, विचारा. मेण डब्यात किसून घाला, डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा, पातेलं चुलीवरनं खाली उतरवून मगच टर्पेंटाईन ओता. शेगडी चालू असताना नको, भडका उडतोय. गार झालं की लोण्यासारखं होतंय. अगदी थोडं फडक्यावर घेऊन धाग्याच्या दिशेनं चोळा, तासाभरानं कोरड्या लोकरीच्या कापडानं झटका. जास्त लावलं तर चिकट राहतंय, बोटांचे ठसे उठत्यात. दिवाळीनंतर पॉलिश करायच्या आधी हे मेण टर्पेंटाईननंच परत पुसून काढायचं, विसरू नका, मेणावर लाख बसत नाही.

चपडा आत्ताच आणून ठेवायला हरकत नाही, पण सुका, पापड्यांचा. कोरड्या डब्यात राहतोय. स्पिरिटमध्ये आत्ता भिजवू नका, भिजवलेला जुना झाला की वाळत नाही. दिवाळी झाली की लिटरभर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम ह्या हिशोबानं काचेच्या बरणीत रात्रभर ठेवायचा, लोखंडी डब्यात नको, काळा पडतोय. सकाळी मलमलीतनं गाळून घ्यायचा. हात कसे मारायचे ते तेव्हा विचारा, लिहून सांगतो.

हुक्केरीचा मंजू

एक राहिलं. टर्पेंटाईनची फडकी कोपऱ्यात गोळा करून टाकू नका. आणि पुढं कधी बेलतेल, म्हणजे उकळलेलं अळशीचं तेल, वापरलं तर त्याची फडकी तर नाहीच नाही. अळशीचं तेल वाळताना उष्णता तयार करतं, फडक्यांच्या ढिगात ती कोंडते आणि कुणी काडी न लावता पेट घेते. अंगणात एकेक पसरून वाळवा. पाऊस असला तर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, बादली घराबाहेर.

खानापूरकरीण

आत्ताच जाऊन बघितलं, माडीच्या जिन्याखाली ढीग केला होता. बादलीत टाकलीत.